लंगडी रेघ

"हा माझा हात नव्हे. हा कुठल्या तरी शाळामास्तरचा हात आहे."

सासरे हे तिला म्हणाले नव्हते, स्वतःशीच कुरकुरले होते. पण त्यांची खुर्ची तिच्या खुर्चीला इतकी खेटून होती की त्यांचं पुटपुटणं आधी तिच्या कानात शिरायचं आणि मग उरलंसुरलं त्यांच्या स्वतःच्या. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढच्या शब्दाची शेवटची रेघ जरा ओढली. जिन्याची शेवटची पायरी थकल्या पायाने चढावी, तशी.

"हां," सासरे म्हणाले. "आता मी."

बैठकीच्या खोलीत, कपाट आणि खिडकी यांच्या बेचक्यात त्यांचं टेबल होतं. टेबलावर रेडिओचा सेट, सेटमधून निघून खिडकीबाहेर गेलेली एरियलची तार, आणि सेटच्या पुढ्यात लाकडी पट्टीवर बसवलेला पितळी खटका. खटका दाबून लगेच सोडला की टिंब, जरा धरून ठेवला की रेघ. मोर्सच्या या टिंबारेघांची अक्षरं व्हायची, अक्षरांचे शब्द, आणि ते शब्द ऐकायला पलीकडे लांब लांब, आपापल्या घरी, तीन म्हातारी माणसं कान लावून बसलेली असायची.

सासरे उमेदीच्या काळात जहाजावरच्या बिनतारी खोलीत नोकरीला होते. जमिनीवर आले तेव्हा त्यांना करमेना, म्हणून हौशी रेडिओचा परवाना काढला. परवान्याबरोबर कॉल साइन मिळाली, म्हणजे हवेतलं नाव. तेव्हापासून सकाळचा चहा झाला की ते या खुर्चीत बसत आणि मित्रांना हाक मारत. एक घड्याळं दुरुस्त करणारा, एक दातांचा डॉक्टर, आणि एक फार कमी बोलणारे गृहस्थ, ज्यांना बाकीचे गुपचिळी म्हणत. चौघं एकमेकांना क्वचितच भेटलेले. पण एकमेकांचा हात ओळखत.

हात ओळखणं म्हणजे काय, हे तिला लग्न होऊन या घरात आल्यावर बरेच दिवस कळलं नव्हतं. नंतर कळलं. खटका कसा दाबायचा याचे नियम सगळ्यांना सारखेच, पण दाबणारा आपल्या स्वभावाने दाबतो. जिन्यावर पाऊल वाजलं की घरातलं कोण आलं ते न बघता कळतं, त्यातलाच प्रकार. घड्याळवाल्याचा हात टापटीप, डॉक्टरांचा घाईचा, आणि सासऱ्यांचा लंगडा. जहाजाच्या लोखंडी दारात त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट कधीतरी चेचलं होतं. तेव्हापासून शब्दाच्या शेवटी रेघ आली की ती लांबायची. मित्र त्यांना लंगडोबा म्हणत, आणि हे नाव त्यांना कॉल साइनपेक्षाही जास्त आवडायचं.

मग एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप पडला. कप फुटला, त्याचे तुकडे तिने गोळा केले, चहा पुसला, पण तो हात काही परत वर आला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरने एक लांबलचक शब्द सांगितला. तो शब्द घरापर्यंत कुणी आणलाच नाही. तिचा नवरा म्हणायचा, बाबांचा हात जड झालाय. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणायची, हात आळसावलाय. सासरे स्वतः म्हणायचे, थंडीने आखडलाय. उन्हाळा लागला, पंखे लागले, तरी तो थंडीनेच आखडलेला होता.

सेटवर चादर पडली. सासरे भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. डावा हात मांडीवरच्या उजव्या हाताला धरून ठेवायचा, हट्टी मुलाला पाहुण्यांसमोर दाबून धरावं तसा. नवरा एकदा म्हणाला, "बाबा, डाव्या हाताने करून बघा की."

"डाव्या हाताने? कालच्या शिकाऊ पोरासारखं? त्यापेक्षा सेट भंगारात घाल आणि वर मलाही बसव."

ती त्याच खोलीत, दुसऱ्या खिडकीशी बसून शर्टांना काजं करायची. कारखान्यातून गठ्ठे यायचे, काजं-बटणं करून परत जायचे. इतक्या वर्षांच्या सकाळी सुईबरोबर ती टिंबं आणि रेघाही तिच्या बोटांत शिरल्या होत्या. अक्षरं येत नव्हती, पण चाल येत होती. शेजारच्या घरातलं भांडण शब्द न कळताही कुणाचं ते कळतं, तशी. एक दिवस तिने काजाचा शर्ट बाजूला ठेवला, सेटवरची चादर काढली, आणि बोलू नये ते बोलून गेली.

"बाबा, तुम्ही सांगा. मी दाबते."

ते वाक्य परत गिळता आलं असतं तर तिने पाण्याशिवाय गिळलं असतं. पण तेव्हा सासऱ्यांनी मान वळवली आणि तिच्याकडे असं बघितलं की तिला वाटलं, आपण मोठं पुण्याचं काम केलं.

त्यांनी तिला अक्षरं तोंडाने शिकवली. टिट, टाऽ, टिट टिट. कणिक मळताना, कपडे वाळत घालताना ते मागून टाऽ टिट टाऽ करत यायचे आणि ती अक्षर ओळखायची. तिचं डोकं बरं होतं, कान त्याहून बरा होता. आणि मनगट तर जन्मभर सुईवर चाललेलं. फक्त एक अट होती. हात त्यांचा हवा. बोट कसं पडायचं, कुठे थांबायचं, कुठली रेघ किती ओढायची, सगळं त्यांचं. ती शिकली ती अशी शिकली. मोर्स शिकली असं म्हणण्यापेक्षा सासरे शिकली म्हणावं.

पहिल्या सकाळी तिच्या तळहाताला इतका घाम आला होता की खटका निसटत होता. घड्याळवाल्याने विचारलं, कुठे होतास लंगडोबा इतके दिवस. सासऱ्यांनी कानात सांगितलं, तिने दाबलं: एरियल पडली होती. घड्याळवाला थोडा थांबला. मग म्हणाला, तब्येत?

"ठणठणीत," सासरे कुजबुजले.

ठणठणीत, तिने पाठवलं, आणि शेवटची रेघ लंगडवली.

तो शब्द मग रोज जायला लागला.

रात्री नवरा म्हणाला, "बाबा जेवले नीट आज. बघ, बरं वाटतंय त्यांना." तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. जग स्पष्ट दिसण्याची जबाबदारी आपली नाही, गिऱ्हाइकाची आहे, असं त्याचं साधारण धोरण होतं.

"अहो, पण हे खोटं आहे. आणि बेकायदेशीर. परवाना माणसाचा असतो, टेबलाचा नसतो."

"खोटं कसलं? शब्द त्यांचेच ना?"

शब्द त्यांचेच होते. सुरुवातीला.

एकदा दातांचे डॉक्टर सांगत होते, एका पेशंटने आज माझं बोट चावलं. सासऱ्यांना तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. हवेत शांतता पडलेली, पलीकडे तिघं वाट बघतायत, आणि तिच्या मनगटाने तिला न विचारता पाठवून दिलं: दात त्याचे होते की तुम्ही बसवलेले? तारेवर हसायची एक खूण असते, चार टिंबं आणि मग दोन. ती खूण तिन्हीकडून आली. गुपचिळीसुद्धा हसले, जे म्हणे डॉक्टरांच्या लग्नातही हसले नव्हते.

सासऱ्यांचा खोकला थांबला. "हे मी म्हणालो नव्हतो," ते म्हणाले.

"चुकून गेलं, बाबा."

"चांगलं होतं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेरच्या तारेकडे बघत बसले.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरी गोष्ट अशी की पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा तेच केलं. मग कधीमधी करायलाच लागली. सासऱ्यांचं वाक्य संपलं की आपलं एखादं शेपूट जोडायचं. घड्याळवाला म्हणायचा, लंगडोबा, एरियल पडल्यापासून तुझी जीभ तरतरीत झालीय. हे ऐकून तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं, आणि शेजारी सासरे आपला उजवा हात जरा जास्तच घट्ट धरायचे. एखाद्याच्या कपाटातून त्याचाच कोट काढून घालावा, त्याच्याच मित्रांत मिरवावं, आणि वर लोक म्हणाले वा काय शोभतोय, तर खुशाल मान डोलवावी. दुपारी काजं करताना हे आठवलं की ती एकटी असूनही लाल व्हायची. सुई बोटात टोचली तरी तिला वाटायचं, बरं झालं.

म्हणून तिने परवान्याच्या परीक्षेचं काढलं. निदान हात तरी कायद्यात बसेल, असं ती नवऱ्याला म्हणाली. त्यात निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं ती कुणालाच म्हणाली नाही: हवेत आपलंही एक नाव असावं, असं तिला वाटायला लागलं होतं.

सासऱ्यांनी ऐकून घेतलं. "तुला तुझी कॉल साइन मिळाली, की तू तुझ्या नावाने बसणार."

"बसेन कधीतरी. दुपारी."

"आणि सकाळी?"

तिने सुईत दोरा ओवायला घेतला. परवाना मिळाल्यावरही दुसऱ्याच्या नावाने बोलणं हा तर आणखी पुढचा गुन्हा, हे त्या दोघांनाही माहीत होतं. तिला नाव मिळालं की त्यांचं नाव गप्प होणार, एवढा साधा हिशेब. पण तो कुणी बोलून दाखवला नाही. त्या घरात बोलून न दाखवण्याची एव्हाना सगळ्यांना चांगली सवय झाली होती.

"सरावाला तुम्ही जरा भरभर सांगाल का?" तिने विचारलं.

"रोज सकाळी ऐकतेस तेवढं पुरे. परीक्षेत याहून काय वेगळं देणार आहेत? सहज निघशील."

परीक्षा एका सरकारी कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, फोम उसवलेले हेडफोन, दोरीने बांधलेल्या पेन्सिली. तिच्या एका बाजूला कॉलेजातली दोन मुलं, दुसऱ्या बाजूला एक बसड्रायव्हर, जो हेडफोन घालायच्या आधीच कपाळ पुसत होता. परीक्षक बाई निवृत्तीला टेकलेल्या, शाल पांघरलेल्या, गालात खोकल्याची गोळी.

आधी ऐकून लिहायचं होतं. टेप सुरू झाली आणि तिला वाटलं, यंत्र बिघडलं. अक्षरं अशी धावत होती की एक धरेपर्यंत पुढची तीन दारातून पसार. तिने शेजारी बघितलं. बसड्रायव्हर शांतपणे लिहीत होता. मुलं लिहीत होती. यंत्र बिघडलं नव्हतं. तिच्या कागदावर जास्त करून रिकाम्या जागा होत्या, दात पडलेल्या तोंडासारख्या.

मग एकेकाला बोलावून हात तपासायचा. बाईंनी तिच्यासमोर खटका सरकवला, एक उतारा दिला आणि डोळे मिटले. इथे मात्र ती सावरली. उतारा तिने छान पाठवला. एकही चूक नाही, आणि शब्दाशब्दाला शेवटची रेघ अगदी जशी हवी तशी.

बाईंनी डोळे उघडले. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

"हात कुणाचा?"

"माझा."

"तुमचं बोट कधी मोडलंय?"

"नाही."

"मग लंगडताय कशाला? पाय धड असताना कुणी काठी टेकत चालतं का? रेघांची लांबी नियमात बसत नाही. पुन्हा पाठवा. तुमच्या स्वतःच्या हाताने."

तिने खटक्यावर बोटं ठेवली. आणि तिच्या लक्षात आलं की तिला स्वतःचा हात नाहीच. तिने एक शब्द पाठवला, तो लंगडा. दुसरा पाठवला, तो मुद्दाम सरळ, म्हणून अडखळलेला. तिसऱ्याला बोट खटक्यावर तसंच राहिलं. मागे बसड्रायव्हर घसा खाकरत होता. तिला कानकोंडं झालं.

"असू दे," बाई म्हणाल्या. त्यांनी तिचा ऐकण्याचा कागद उचलला. "कान चांगला आहे तुमचा. जे लिहिलंय ते बरोबर आहे. पण तुम्हाला हळू ऐकायची सवय आहे. रोज कुणाला ऐकता?"

"सासऱ्यांच्या मित्रांना. वय झालंय त्यांचं."

"आधीपासून हळूच बोलतात?"

"नाही. आधी धडधड बोलायचे. आता एकाचं मनगट दुखतं. एकाने खटका बदललाय, त्याची सवय व्हायचीय. एकजण तसेही कमीच बोलतात."

"तिघांचं एकदमच दुखायला लागलं?"

तिने खटका बाईंकडे परत सरकवला.

बाईंनी आवाज खाली आणला. कागदावर बघत, जणू कागदालाच सांगत म्हणाल्या, "आमच्या या कामात एक रीत आहे. समोरचा ज्या चालीने हाक मारतो, त्या चालीने त्याला उत्तर द्यायचं. समोर नवशिका आहे असं कळलं, की कितीही मोठा ऑपरेटर असो, तो हळू होतो. त्याला तसं सांगत नाही. काहीतरी कारण काढतो, पण हळू होतो." मग मान वर करून नेहमीच्या आवाजात, "मी तुम्हाला काही विचारलं नाही आणि तुम्ही मला काही सांगितलं नाही. पुढच्या फेरीला या. येताना आपला हात घेऊन या."

जिना उतरताना ती कठड्याला धरून उतरली. इतके दिवस तिला वाटत होतं, म्हातारे थकत चाललेत आणि आपण काय छान त्यांच्या बरोबरीने चाललोय. सासऱ्यांच्या कोटात आपण कुणाला ओळखू आलो नाही. आणि ते तिघं पहिल्या सकाळपासून पावलं आखडून तिच्याबरोबर चालत होते, लहान मुलाचं बोट धरून चालावं तसे. एरियल पडली होती म्हटल्यावर घड्याळवाला थोडा थांबला होता. ते थांबणं तिला आत्ता ऐकू आलं. तरतरीत जीभ, म्हणाला होता. कुणाची ते त्याला माहीत होतं. ती रोज ठणठणीत म्हणायची आणि ते रोज बरं म्हणायचे. रस्त्यात ओळखीचं कुणी समोरून येत होतं, तिने पदराने तोंड पुसल्यासारखं केलं आणि पलीकडच्या बाजूला गेली.

घरी नवऱ्याने दार उघडलं. "झालं?"

"नापास."

तो गडबडला. "बाबांना आत्ता सांगू नको."

"सांगते ना. त्यांना आनंदच होईल."

हे ती चिडून बोलली होती, पण सांगितल्यावर सासऱ्यांच्या चेहऱ्यावर खरंच काहीतरी सैल झालं. क्षणभरच. मग त्यांना स्वतःचा चेहरा कळला असावा, कारण ते घाईघाईने खाली बघत म्हणाले, "परीक्षक कच्चा असेल."

"बाई होत्या. पक्क्या होत्या."

तीन म्हाताऱ्यांचं मात्र तिने सांगितलं नाही. ओठांवर आलं होतं. पण या माणसाजवळ आता उरलं काय, तर मित्रांना काही कळलेलं नाही एवढीच गोष्ट. तीही काढून घ्यायची, तर हातात काय द्यायचं.

दुपारी सासरे झोपले की ती स्वयंपाकघरात सरावाचा बझर घेऊन बसायला लागली. आपला हात शोधायचा म्हणजे काय, तेच तिला आधी कळेना. ती लंगडू नये म्हणून लक्ष द्यायची, तर बाकी सगळं विसकटायचं. शेवटी तिने मोर्सचा नाद सोडला आणि मनात काजं करायला घेतली. टाका, टाका, गाठ. टाका, गाठ. काजाचा टाका कधी लांबत नाही, कापड उसवतं. बोटं आपोआप हलायला लागली. आखूड, घट्ट, ओळीने बसलेली टिंबं. ती ऐकून तिला हसू आलं. कुणीतरी अनोळखी बाई खोलीत आली होती आणि ती ओळखीची निघाली.

दारात चप्पल घासल्याचा आवाज झाला. सासरे चौकटीला टेकून उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"हा कुणाचा हात?"

चोरी पकडल्यासारखी तिने बोटं मागे घेतली. "माझा."

त्यांनी बझरकडे बघितलं. "रेघा आखूड पडतायत," ते म्हणाले. मग वळले, आणि वळताना भिंतीला म्हणाले, "पण चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला, दोन्ही खुर्च्या ओढल्या गेल्या. नवरा दाराशी बूट घालत होता. सेट गरम झाला, खरखर आली, आणि खरखरीतून घड्याळवाला आला. हळू, प्रत्येक अक्षर वेगळं, ताटात वाढल्यासारखं. तिला प्रत्येक टिंबाला आता लाज वाटत होती. इतकं सावकाश कुणी आपल्यासाठी बोलावं आणि आपण त्याला मनगटदुखी समजावं.

सुप्रभात लंगडोबा, घड्याळवाला म्हणाला. तब्येत?

"ठणठणीत," सासरे तिच्या कानाशी म्हणाले.

तिने खटक्यावर बोटं ठेवली. कुठल्या हाताने पाठवायचं? लंगडं पाठवलं तर ते पलीकडे ऐकून न ऐकल्यासारखं करणार. सरळ पाठवलं तरीही तसंच करणार. तिचं मनगट टेबलावर जड पडून राहिलं.

"ठणठणीत," सासरे पुन्हा म्हणाले. "झोप लागली का?"

"बाबा," ती म्हणाली, "ते फार हळू बोलतात."

"मनगटं गेली त्यांची."

"तिघांची एकदमच?"

खरखर चालू राहिली. दाराशी एक बूट घालून नवरा तसाच वाकून थांबला होता, दुसरा बूट हातात.

"पहिल्याच दिवशी," सासरे शेवटी म्हणाले. "घड्याळवाला पहिल्याच वाक्याला थबकला. मी जन्मभर ऐकलंय त्याला, थबकलेला कळणार नाही मला? मी दर शब्दाला लंगडत नव्हतो, पोरी. कधी लंगडायचो, कधी विसरायचो. तू एकदाही विसरली नाहीस."

तिचे कान तापले. "मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू उठून गेली असतीस. मग मी कुठल्या तोंडाने बोललो असतो त्यांच्याशी?" डावा हात उजव्याला धरून होता, तो आणखी घट्ट झाला. "परीक्षेचंही मला माहीत होतं. या चालीवर तू पास होणार नाहीस हे माहीत होतं. तरी सहज निघशील म्हणालो."

तिला राग यायला हवा होता. तिने शोधूनही पाहिला. पण सासरे टेबलाच्या कडेकडे बघत असे बसले होते, की तिला त्यांच्या चेहऱ्यावर आपलाच चेहरा दिसला, दुपारी काजं करताना लाल होणारा. "मीपण शेपटं जोडत होते," ती म्हणाली. "तुमच्या वाक्यांना. मला आवडायचं ते."

"माहीत आहे. मी मुद्दाम खोकायचो कधीकधी." ते ओशाळवाणं हसले. "तू काय म्हणतेस ते ऐकायला."

सेटवर एक टिंब वाजलं. फक्त एक, दारावर हळूच टकटक करावी तसं. पलीकडे तिघं अजून वाट बघत होते. कुणीही विचारत नव्हतं काय झालं.

"सरक," सासरे म्हणाले.

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात मांडीवर नीट ठेवला, पाहुण्याला बसवावं तसा, आणि सोडून दिला. मग डावा हात खटक्यावर आणला. तो हात शिकाऊ पोराचाच होता. पहिलं टिंब रेघेएवढं झालं. दुसऱ्या अक्षराला खटका निसटला, त्यांनी दात आवळले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नवरा बूट हातात घेऊन जवळ येऊन उभा राहिला. त्याला मोर्स येत नव्हतं, म्हणून त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ती एकेक शब्द जुळेल तसा त्याला सांगत गेली.

उजवा, ती म्हणाली.

हात.

पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर आलं तेव्हाच तिची बोटं दचकली होती, दुसऱ्यालाही तेच झालं. चेचलेलं बोट उजव्या हाताचं होतं. हा हात डावा, धडधाकट, आणि तरीही शेवटची रेघ ओढली गेली, पाय घासत पायरी चढल्यासारखी. म्हणजे इतकी वर्षं लंगडणं त्या बोटात नव्हतंच.

सासऱ्यांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम होता. कपाट आणि खिडकीच्या त्या बेचक्यात ते पुढे वाकून, खटका दाबत राहिले, आणि ती सांगत राहिली.

"उजवा हात गेला," ती म्हणाली. "कायमचा. इतके दिवस सून बोलत होती. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे."